लेडीज फिंगर

सहावीच्या पुस्तकात भेंडीचं चित्र होतं,
खाली दोन शब्द. शाळा सुटल्यावर बांधावर बसून
मी ते मोठ्यानं वाचले,
आणि प्लॉटातल्या बारा बायका
कळ्या सोलता सोलता थांबल्या.

म्हंजी काय गं?
लेडी म्हणजे बाई. फिंगर म्हणजे बोट.
बाईचं बोट.

"कोन्या बाईचं?" कौतिकामावशीनं विचारलं
आणि आपला हात तिरप्या उन्हात वर धरला,
मधलं बोट कडबाकुट्टीत वाकडं झालेलं.
"असली भेंडी कंपनी घेती का?
बाजूला टाकती, रिजेक्ट म्हनून."
हसू एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेलं.
शमीमचाची म्हणाली, मग गवारीला काय म्हणत असतील?
कुणी म्हणालं, नणंदेची जीभ.
आणि तोंडल्याला?
ते तिनं हळू आवाजात सांगितलं
आणि मला पाणी आणायला पिटाळलं.

जाफ्राबादकडच्या त्या दीड एकरात
इंग्रजी रोज बोललं जायचं.
या चार ओळी फिमेल, कडेच्या दोन मेल.
उद्या फुलणारी कळी आजच ओळखायची,
अंगठ्याच्या नखानं बुडाशी गोल चिरायची,
टोपरं उचलायचं, नराचे दाणे खरवडून टाकायचे,
मधली दांडी मात्र दुखवायची नाही.
सकाळी मेलचं फूल आणून
तिच्या तोंडावरून फिरवायचं. देठाला दोरा.
ह्याला क्रॉसिंग म्हणतात.
चार कळ्या हुकल्या तरी अख्खा प्लॉट फेल.
फेल हा शब्दही सगळ्यांना येत होता.

म्हणून नख वाढवायचं, फक्त अंगठ्याचं.
आईनं मामाच्या लग्नातसुद्धा ते कापलं नाही.
मी त्यावर एकदा नेलपॉलिश लावून बघितलं,
खालच्या काळ्यानं ते गिळून टाकलं.
भेंडीची लव बोटांत शिरायची.
रात्री ती हाताला गोडेतेल चोळायची,
पण भाकर थापताना म्हणायची,
पीठ आज गार हाय का गरम, काई कळंना.

मी विचार करायचे, इंग्रजीतली ती बाई कोण असेल.
हिरवी, निमुळती बोटं,
पाचही एका मापाची.
एसटीत लेडीज म्हणून सोडलेल्या सीटवर
ती बसत असेल,
आणि तिला कुणी उठवत नसेल.

बाजारात मात्र लोक
एकेका भेंडीचं टोक मोडून बघतात.
कट् वाजलं तर कोवळी.
नाही वाजलं तर मोडकी परत ढिगात.
पुस्तकात हे नव्हतं.

आता मी जालन्यात असते. बियाण्याची पाकिटं मोजते,
शिफ्ट नऊची.
पाकिटावर तीच भेंडी, खाली छापलंय ओक्रा.
सुपरवायझर म्हणाले, हल्ली हेच चालतं.
आईला फोनवर सांगितलं,
बाईचं बोट काढलं गं पाकिटावरून.

"बरं झालं," म्हणाली, "माझं तर आईक,"
आणि रेशनच्या मशीनचं सांगू लागली.
अंगठा ठेवला, आला नाही.
पदराला पुसून ठेवला, नाही आला.
दुकानदार म्हणाला, मावशी, दुसरं बोट लावा.
दुसरं लावलं. तिसरं. मागं रांग, लोक चुळबूळ करायलेत.
शेवटी डाव्या हाताची करंगळी उठली.
"ती कळीला लागतच नाई ना कधी."
पंधरा किलो मिळाले. गहू जरा किडका आहे.

मग नेहमीसारखं, डब्याला काय केलंस?
भेंडी, मी म्हटलं.
विकतची.
एकेक टोक मोडून आणलेली.