सतरंजी

अशोक चौकातल्या ऑफिसला आता दोन कुलपं.
एक रेवणअण्णांचं, एक मालकांचं.
किल्ल्या दोन्ही माझ्याकडे,
म्हणून दोघांनाही माझाच संशय.

रविवारी अकराला दोन बैठका,
एक आत, एक गच्चीवर.
विषय एकच : पराभवाची कारणं.
सतरंजीही पक्षाकडे एकच,
माझ्या सासऱ्यानं, नरसय्यानं विणलेली,
आपली सत्ता होती त्या वर्षी.

"मधोमध काप, यल्लप्पा," अण्णा म्हणाले.
"काठाची बाजू आमची," मालकांचा पोऱ्या.

कात्री आणतो म्हणून खाली आलो.
टपरीवर चहा घेतला. दुसराही घेतला.
विड्या देऊन परतणाऱ्या बायांतली एक थांबली,
"काय ओ, आमच्या मजुरीच्या मोर्चाचं काय झालं?"
म्हणालो, बैठक चालू आहे.

वर गेलो तर दोन्ही बैठका आटोपलेल्या,
एकमेकांची हकालपट्टी करून.
सतरंजीवर शेंगांची टरफलं,
कुणाची तरी एक चप्पल.

झटकली. घडी घालताना
अंगठा फिरवला कडेवरून, सवयीनं.
ताणा धड आहे अजून.
बाणा सुटलाय, जागोजागी.

कुलपं लावली. दोन्ही.