मागचा र

सर्जेकोटच्या धक्क्याखाली, ओहोटीला,
होडी एका कुशीवर कललेली
आणि लवूमामा मालंडकर घोट्याभर चिखलात उभे.
डाव्या हातात करवंटी, तिच्यात पांढरा ऑइलपेंट,
उजव्यात चार बोटं रुंद ब्रश,
केस झिजून एका अंगाला वळलेले.
"नवो ब्रश आयकना नाय," म्हणायचे.

खडूची रेघ नाही, पट्टी नाही.
रत्नसागर.
पहिला र ओला, तुपाळ, गळ्याशी थेंब धरलेला.
मधल्या सा-पर्यंत ब्रश सुकत यायचा,
मागच्या र ची शेपटी फाटायची
तारलीच्या काट्यांसारखी,
आणि दोन फळ्यांच्या सांध्यात
एक काळी फट तशीच राहायची.
जाड का, तर डोळ्यांत खारं पाणी गेलेल्या माणसालाही
दुसऱ्या होडीवरून नाव कळलं पाहिजे.
जाड अक्षर म्हणजे हाक.

तो हात मी उचलला.
विचारून उचलला, एवढं खरं.
पुण्यात दीड वर्ष बिंदू ओढले, वळणं घासली,
शिरोरेषा मुद्दाम तुटकी ठेवली,
जोडाक्षरं चारशे सोळा.
फॉण्टचं नाव 'खलाशी'. वजन एकच: ठळक.

माझ्याआधी तो गावात पोचला.
हापूसच्या पेट्यांवर,
कोकम सोड्याच्या बाटलीवर
(तिथे शोभतो, अजूनही म्हणेन),
दशावताराच्या बोर्डावर, क्रिकेटच्या चषकावर,
होम-स्टेच्या टी-शर्टांवर,
आणि तिठ्यावरच्या फ्लेक्सवर, दाजी आचरेकरांच्या
हार घातलेल्या फोटोखाली
भावपूर्ण श्रद्धांजली,
पुढे झुकून, उसळत,
जणू दाजींनी शर्यत जिंकली.
मामा अशा फळ्यांना दोन नंबरचा बारीक ब्रश घ्यायचे,
अक्षरं सरळ, अंतर राखून बसलेली.
"गेलेल्याक हाक मारुची नसता."
हे मी फॉण्टमध्ये कुठे लिहिणार होते?

यंदा रत्नसागर फायबरची झाली.
नाव स्टिकरवर आलं, वीस मिनिटांत चिकटलं.
मामांनी पहिल्या र वरून अंगठा फिरवला,
मग चालत जाऊन शेवटच्या.
दोन्हींत तीच फाटकी शेपटी,
तीच काळी फट,
जिथे आता फळीच नाही.
"हो हात माझोच," म्हणाले,
"पण दोनय र एकाच सकाळचे कशे गो?"

मी समजावलं. पुढच्या आवृत्तीत
र तीन तऱ्हांचे देईन,
आपोआप आलटून पालटून येतील.
"तीन," ते म्हणाले.
करवंटी घासलेटात विसळली, पाणी कुठवर आलंय ते पाहिलं.
"मागलो तेवढो दमलेलो ठेव."
आणि चपला हातात घेऊन निघाले.

परत आल्यावर मी मागचा र उघडला.
सत्तेचाळीस बिंदू.
एक काढून पाहिला.
परत ठेवला.