रंगविभागात कुणीतरी या

डुलुथला नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार.
मी दुकानात शिरले तेव्हा सव्वापाच झाले होते.
खिशात फ्लशच्या टाकीतली झिजलेली रबरी झडप,
ब्रेडच्या पिशवीत गुंडाळलेली,
आणि घरी फरशीवर तिसरी बादली.

दुकान एवढं, की या टोकाला मारलेली हाक
त्या टोकाला उद्या पोचेल.
नळसामानाच्या रांगेत माणूस नाही.
दिव्यांच्या रांगेत दोनशे दिवे चालू,
खाली माणूस नाही.
खिळ्यांपाशी एका खोक्यावर अर्धा प्यालेला कॉफीचा कप.
म्हणजे इथे कुणीतरी होतं.
मी कपाला हात लावला.
गार.

खांबावर लाल बटण : मदत हवी असल्यास दाबा.
दाबलं.
छतातून एक बाई बोलली,
"नळविभागात गिऱ्हाईक थांबलंय."
थांबलंच होतं.
गिऱ्हाईक दुसरं काय करणार?

तेवढ्यात काखेत कमोडचं झाकण घेऊन
ऑर्विल स्टेनरूड आला, माझ्यामागे उभा राहिला.
"मंगळवारी इथे एक पोरगा होता," म्हणाला,
"मी स्वतः पाहिला."
तळ्यात देवमासा दिसल्यासारखं सांगत होता.

वीस मिनिटं. पस्तीस.
मनात भांडण मळून, तिंबून तयार ठेवलं,
आता फक्त लाटायचं बाकी.
छत पुन्हा बोललं,
"रंगविभागात कुणीतरी या."
आणि मला ती दिसली, रांगेच्या टोकाला,
भिंतीवरच्या फोनपाशी, पाठमोरी, वाळकी, साठीची.
तिनं फोन ठेवला,
हात एप्रनला पुसले,
आणि स्वतःच रंगविभागाकडे चालू लागली.

आमच्याकडे आली तेव्हा कोपरापर्यंत पिवळी.
बिल्ल्यावर नाव : आर्डिस.
मी तरी बोललेच. सगळं. बादल्यांसकट.
तिनं ऐकून घेतलं, म्हणाली, "तक्रार मॅनेजरकडे करा."
"कुठेत?"
"रजेवर. त्यांच्या जागी मीच."

झडप अंगठ्यानं चाचपून म्हणाली, "दोन इंची.
वरच्या फळीवर खोकं आहे.
पण नियम असा, की शिडी चढताना खाली दुसरा माणूस हवा,
लोकांना अडवायला."
तिनं माझ्याकडे पाहिलं.
ऑर्विलनं झाकण खाली ठेवलं, शिडी धरली.

मी रांगेच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभी.
वर खोकी सरकत होती, खाली धूळ पडत होती.
एक तरुण आला, बूट बर्फानं भिजलेले,
हातात फुटलेल्या नळाचा तुकडा.
"इथं काम करता का?"

मला नाही म्हणायचं होतं.
"मदत येतेय," मी म्हणाले.

तो ओठातल्या ओठात एक शिवी पुटपुटला.
ओळखीची होती.