रिजेक्ट माल

सेकंड शिफ्ट सुटून मी अनगोळात पोचतो
तोवर गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून झोपलेली असतात.
शेवंता बहिणीकडं गेलीय, हुक्केरीला, चार दिवस.
आमटी करून ठेवलीय, वर दारातून बजावून गेलीय:
"आधी ही संपवायची."
संपवतो की. उद्या.

आज पिशवीत कॅम्पातल्या बेकरीचा पाव आहे, अख्खा.
मीच कापणार, बोटभर जाड.
चीज दोन तऱ्हांचं:
एक डब्यातलं, मऊ, कुणाशीही जुळवून घेणारं,
दुसरं पिवळं, टणक,
ज्याचं नाव मी वाचलं तेव्हा दुकानातली पोरगी हसली.
किंमत सांगत नाही. शेवंताच्या कानावर जाईल.
आणि लोणी, मल्लव्वाकडचं, पळसाच्या पानात.
भाव मी मराठीत पाडतो,
ती कन्नडात चढवते.

तवा ठेवला. गॅस बारीक.
तेवीस वर्षं भट्टीसमोर काढली मी.
लोखंड कधी ओतायचं ते मीटर सांगतो म्हणतात,
पण डोळ्याला आधी कळतं:
लाल म्हणजे अजून आळसात आहे,
केशरी म्हणजे वाटेत,
पांढुरकं पिवळं झालं, की हं, आता.
लोण्याचं तसं नाही. ते कानानं ओळखायचं.
तडतड, मग पुटपुट,
मग एकदम गप्प.
गप्प झालं की पाव ठेवायचा.

पावाला आतून संकेश्वरी मिरचीचा ठेचा, नखाएवढा.
बरं, दोन नखांएवढा.
त्यावर किसलेलं पिवळं, त्यावर मऊ, परत पिवळं,
आणि हात थांबला.
डॉक्टरनं रक्ताच्या कागदावर एक आकडा
लाल पेनानं गोल करून दिलाय.
बसलिंग तो बघून म्हणाला होता,
"भरमा, तुझा पण माल रिजेक्ट की रे."
"साकु," मी मोठ्यानं म्हणालो, रिकाम्या घरात,
आणि अजून एक मूठ घातली.

वर वजन पाहिजे.
ते कपाटामागं आहे, फडक्यात:
पंपाचं झाकण, चार किलो,
माझ्या हातानं ओतलेला पहिला नग.
पोटात हवा अडकली, तोंडावर हरभऱ्याएवढं भोक पडलं.
इन्स्पेक्शननं खडूनं फुली मारली.
हसनसाब मिस्त्री म्हणाले, परत वितळवू नको,
घरी ने, लोणच्याच्या बरणीवर ठेव.
तेव्हापासून ते बरणीवर, कधी दाराला,
पोरीच्या लग्नात मांडवाच्या दोरीला.
आज घासलं, पुसलं, तेलाचं बोट फिरवलं
आणि पाव उलटून त्यावर ठेवलं.

चर्र.

कडेनं चीज बाहेर आलं, तव्यावर सांडलं,
त्याची तपकिरी जाळी झाली.
कारखान्यात याला फ्लॅश म्हणतात.
साचा नीट मिटला नाही की येतो,
ग्राइंडर मारून काढायला एक पोरगा ठेवलाय.
मी सुरीनं सोडवला, तोंडात टाकला.
भाजला, जीभ पण भाजली.
दुसरा लगेच टाकला.

मग वजन उचललं.
पावावर मधोमध एक टेंगूळ,
हरभऱ्याएवढं, आजूबाजूला सगळं चपटं, सोनेरी.
भोकानं बरोब्बर आपली जागा सोडली होती.

तिरका कापला. तार निघाली,
या तुकड्यापासून त्या तुकड्यापर्यंत, लांबच लांब, तुटेना.
सीमेबिमेचं काही बोलायचं नाही मला आत्ता.
भूक लागलीय.

ओट्याशी उभ्यानंच खाल्ला.
कोपरापर्यंत लोणी आलं, तेही सोडलं नाही.
टेंगूळ शेवटी खाल्लं.
आमटीकडं एकदा बघितलं, झाकण नीट केलं.

मग झाकण पुसून, फडक्यात गुंडाळून कपाटामागं सारताना
लक्षात आलं, अजून ऊन आहे.
पहिल्या दिवशी पण असंच होतं.
बसमध्ये मांडीवर पिशवी,
पिशवीतून लागणारी धग,
आणि शेजारचा माणूस विचारत होता,
काय घेऊन चाललास, खायचं काय?