थंड इंजिन

मुश्ताकभाई म्हणाले होते, सकाळीच जाऊ,
मालकानं किक मारायच्या आत.
थंड इंजिनला खोटं बोलता येत नाही.

सात वाजता दिघोरीत पोचलो.
कुणाच्या तरी कूलरचं पाणी वाहून गल्ली ओली,
त्या ओलीत ती उभी : एमएच एकतीस,
काळी टाकी, लाल पट्टा, डाव्या आरशाला तडा.
मी सायलेन्सरला हात लावला.
कोमट.

"पोट्टीले ट्यूशनले सोडून आलो न बाप्पा,"
नंदनवार टॉवेलला हात पुसत म्हणाले.
"चालवणार कोण? हे?"
"मी."
बुटीबोरीची दुसरी पाळी रात्री अकराला सुटते
हे सांगायची गरज नव्हती. सांगितलं.

मीटरवर अठ्ठावीस हजार,
आणि ब्रेकच्या पायडलवरच्या रेघा पार पुसलेल्या,
लोखंड आरशासारखं.
"मीटरला जीभ असते," मुश्ताकभाई पुटपुटले,
"पायडलला नाही."
फोर्कवरून बोट फिरवलं, तेल लागलं.
चेन उचलली, दीड बोट ढिली.
चेसिसवरची माती रॉकेलच्या बोळ्यानं पुसून
ते खाली वाकले, मी आरसीबुकातून एकेक आकडा वाचला
आणि ते हुंकार देत गेले,
पाढे म्हणून घेतात तसे.

मागच्या फूटरेस्टच्या वर एक लोखंडी तुकडा
वेल्डिंग करून लावलेला. हे काय?
"पोट्टीचे पाय पोचत नोहोते.
आता पोचते."

मी तीन किका मारल्या. काही नाही.
नंदनवार पुढे झाले, गाडी डावीकडे कलंडवली,
अर्धा चोक, एक किक.
धूर पांढरा, ते म्हणाले.
निळा, मुश्ताकभाई म्हणाले.
मला उन्हात काही ठरवता आलं नाही.

बावीस. सतरा. एकवीस. अठरा.
साडेएकोणीसवर दोघंही गप्प झाले.

नोटा खिशात गेल्यावर
कोणी विचारलं नसताना ते बोलायला लागले :
पेट्रोलचा काटा खोटा आहे, टाकी हालवून आवाज ऐकजा.
मागचा ब्रेक पावसात उशिरा लागते, दोनदा दाबजा.
थंडीत हिले घाई नाई चालत.
मुश्ताकभाईंच्या यादीत यातलं एकही नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी ती बंद पडली.
मुश्ताकभाई त्यांच्या स्कूटरवरून उतरायला लागले,
मी हातानंच थांबवलं.
डावीकडे कलंडवली.
अर्धा चोक.
रात्री अकराला, कंपनीच्या गेटबाहेर,
हे मला एकटीलाच करायचं आहे.