त्रेपन्न कळा

आई दिवसाला किती ड्रॅगन तपासायची
ते तिनं कधी मोजलं नाही.
मोजायच्या त्या फक्त कळा,
एका यंत्राला त्रेपन्न.
वरच्या रांगेत डावीकडून उजवीकडे,
मग खालची, मग तिच्या खालची,
शेवटी अंगठ्यानं ती लांब, कोरी पट्टी.
हिरव्या पडद्यावर काळी अक्षरं उमटली
की यंत्र पुढं, आई पुढच्यावर.
कळ दाबायची.
कळायला हवं असं त्यात काही नव्हतं.

कारखाना केनफिगला.
एका अंगाला पोर्ट टॅलबटच्या भट्ट्यांचा धूर,
दुसऱ्या अंगाला वाळूच्या टेकड्या;
जुनं अख्खं गाव त्यांनी कधीच गिळलेलं.
वारा सुटला की बायकांच्या केसांत वाळू.
ह्यू प्रॉथेरो दारातच अडवायचा,
"एलुनेड, बाहेर झटकून या.
कण आत गेला तर चिप जाईल."
चिपही मुळात वाळूचीच,
हे ह्यूला कुणी सांगितलं नसावं.

झाकण काढलं तर आत फार पसारा नव्हता.
सहा-आठ-शून्य-नऊ नावाचा मेंदू,
त्या काळच्या मानानं हुशार.
बत्तीस किलोबाइट स्मृती,
आजचा एक फोटोही मावायचा नाही.
आणि बाहेर, वायरीच्या टोकाला,
विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर.
हिवाळ्यात आमचं मांजर त्यावर झोपायचं.

लहान अक्षरं त्याला येत नसत.
मागितली तर मोठीच दाखवायचा,
रंग उलटे करून,
पाठ फिरवून बसल्यासारखी.
माझे वडीलही तसेच.
हळू बोलणं त्यांच्या यंत्रात नव्हतं.

कॅसेटवरून खेळ चढायला चार-पाच मिनिटं.
टेप किंचाळत राहायची,
आणि अगदी शेवटी: चूक.
मी रडकुंडीला यायचो.
आई बटाटे सोलता सोलता म्हणायची,
"पुन्हा लाव. आम्ही तिथं दुसरं काय करतो?"

गेथिननं शाळेत एक मंत्र दिला,
पोक, ६५४९५, स्वल्पविराम, शून्य.
म्हणे वेग दुप्पट होतो.
काही यंत्रं सुसाट सुटायची,
काही जागच्या जागी थिजायची.
आमचं थिजलं.
वडील खूश झाले.
"वेल्श आहे. घाई केलीस की बसकण मारणारच."

चौऱ्याऐंशीचा जून.
खाणीचा संप मार्चपासून,
वडील चुलीपुढं पेपर उलटा-सुलटा करत.
घरात पगार एकच, आईचा.
मग कंपनी बसली.
ड्रॅगनला दोन वर्षंही पुरती झाली नव्हती.

स्पेनहून माणसं आली,
साचे, आराखडे, सुटे भाग घेऊन गेली
कासेरेसजवळच्या कुठल्याशा गावी,
मेंढ्यांच्या आणि चीजच्या मुलखात.
आईनं माझ्या शाळेच्या नकाशात बोट फिरवलं.
गाव सापडलं नाही.
"तिथं कळा कोण तपासत असेल?"
एवढंच विचारलं, आणि नकाशा मिटला.
तिथंही तो फार जगला नाही,
पण ते आम्हाला कळलं फार उशिरा.

बोटांना मात्र कारखाना बंद झाल्याचं
कुणी कळवलं नव्हतं.
पावाच्या फळीवर, चर्चच्या बाकावर,
वडिलांच्या शेवटच्या रात्री दवाखान्याच्या चादरीवर:
वरची रांग, मधली, खालची, अंगठा.
नर्सनं विचारलं, "पियानो वाजवता?"
आई म्हणाली, "हो."

गेल्या ऑक्टोबरात नीथच्या बाजारात
एक ड्रॅगन मिळाला, बारा पौंडांत.
फुगलेले कपॅसिटर बदलले,
एक डाख नव्यानं दिला.
पडदा हिरवा झाला, तोच आजारी हिरवा,
आणि कोपऱ्यात लिहून आलं, ओके.

एक्याऐंशीची आई खुर्ची ओढून बसली.
पडद्याकडं बघितलंसुद्धा नाही.
बोटं निघाली.
मधल्या रांगेत, एलवर, थांबली.
पुन्हा दाबली. पुन्हा.
"ही अडकते," ती म्हणाली.
"हे माझ्या हातून गेलेलं नाही."

आणि यंत्र उचलून तिनं डावीकडं सारलं,
नापासांची पेटी असायची तिकडं.
चहाचा कप
मी वेळेवर उचलला.