अलीकडचा काठ

कचेरीत सगळं स्वच्छ दिसत होतं.
फुजी शहर, तिसरा मजला, खिडकीतून कागद-गिरणीचा वास,
टेबलावर पांढरी बशी, बशीत मूठभर सुकी कोळंबी
आणि माझ्या ड्रायव्हरमधून आलेलं तिचं चित्र:
मिशासुद्धा मोजून घ्याव्यात.

पूल ओलांडून तोच कॅमेरा युईच्या शेडमध्ये बसवला
आणि जुन्या ट्यूबांखाली, सरकत्या पट्ट्यावरून
काळ्या सावल्या चालू लागल्या,
एकीच्या टाचेवर दुसरी.
यंत्राला वाटलं, घाण.
त्यानं फुंकर मारून चांगली गुलाबी कोळंबी
टाकाऊच्या टोपलीत उडवली.
एका सकाळीत साडेअकरा किलो.

दिवा पेटलेला असतो असं आपण म्हणतो.
तो पेटत-विझत असतो.
नदीच्या पूर्वेला सेकंदाला शंभरदा,
पश्चिमेला एकशेवीसदा.
पणजोबांच्या काळात तोक्योनं जर्मन यंत्रं आणली,
ओसाकानं अमेरिकन,
आणि ते पुढे कुणालाच निस्तरता आलं नाही.
डोळा हे सगळं पोटात घालतो.
कॅमेऱ्याला पोट नाही.
तो ओळीओळीनं वाचत जातो
आणि ज्या ओळीच्या वाट्याला अंधार आला
ती अंधारीच लिहून ठेवतो.

म्हणून मी एक कळ लिहायला बसले. चार पर्याय:
बंद. पन्नास. साठ. आपोआप.
वाकिता-सान म्हणाले, आपोआपच ठेव,
माणसाला कशाला विचारत बसायचं?
ठेवलं. रात्रभर नीट चाललं.
पहाटे शेडचं दार सरकलं, समुद्रावरून ऊन आत आलं,
सावल्या फिकटल्या,
आणि माझं आपोआप गोंधळून
पन्नासवर जाऊन बसलं,
हरवलेलं पोर दिसेल तो पदर धरतं तसं.

मग एक हिशेब सापडला: सेकंदाचा विसावा भाग.
एवढा वेळ भिंग उघडं ठेवलं
तर पूर्वेचे पाच ठोके त्यात पुरे बसतात
आणि पश्चिमेचे सहा.
दोन्ही काठ एका घोटात!
मी उठून चहा केला.
चहा गार होईतो आनंद टिकला.
कारण पट्टा थांबत नाही,
विसाव्या भागात कोळंबी दोन बोटं पुढे गेलेली असते.
पडद्यावर उरली नुसती गुलाबी वाफ.

मोचिझुकी हात्सुए, वय एकोणऐंशी,
टाकाऊ टोपलीशी बसून चांगलं परत वेचत होत्या.
वाफ बघून हसल्या. "पट्टा थांबव की मग."
"पट्टा थांबला तर यंत्र कशाला, आजी?"
"तेच तर म्हणते."

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं,
ती तुझी कळ विचारते तरी काय?
मी म्हटलं, आपण नदीच्या कुठल्या बाजूला आहोत, एवढंच.
त्यांचे हात थांबले.
"हे मला विचारायचंस की गं!
लग्न होऊन पूल ओलांडला तेव्हा
आईनं दिलेलं विजेचं घड्याळ आणलं होतं.
इथं आल्यावर ते तासाला बारा मिनिटं पुढे पळायला लागलं.
नवरा म्हणायचा,
हिच्या घड्याळालाही माहेरची घाई."

त्या रात्री मी आपोआपला खाली ढकललं.
आता यंत्र पहिल्यांदा सुरू झालं की
एकदाच, थांबून, विचारतं.
हात्सुए-साननी साठच्या बटणावर चिकटपट्टी लावली
आणि जाड पेननं लिहिलं: अलीकडे.
पन्नासवर: पलीकडे.
मी म्हटलं, माझ्या कचेरीत हे उलटं होईल.
"तिथली पट्टी तू लिही."

शेवटच्या बसनं परत निघाले.
पुलावर खिडकीला नाक लावून बघत होते
दिवे नेमके कुठे बदलतात.
खाली काळं पाणी, पलीकडे गिरणीची धुराडी.
दिवे सगळे सारखेच.